सहलीतले कुलूपबंद निरोप

“मालनताई, चला! गाडी आलीया तुमची!”

फाटकाबाहेर एक पांढरी जीप येऊन थांबली होती, आणि ड्रायव्हरच्या शेजारी बसलेला माणूस खिडकीतून अर्धा बाहेर येऊन ओरडत होता. आम्ही सगळे रिसॉर्टच्या व्हरांड्यात चहा घेत बसलो होतो.

“मालनताई! भाऊंनी सांगितलंय, आत्ताच्या आत्ता निघा म्हणून!”

आबांचा ड्रायव्हर दिनकर काठी घेऊन फाटकाकडे धावला. तो पोचायच्या आत जीप वळली आणि सुरूच्या झाडांमागे दिसेनाशी झाली. जीपकडे खरं तर कुणाचं लक्षच नव्हतं. सगळे मालनकडे बघत होते. तिच्या हातातली खारी चहात विरघळून गेली तरी तिला भान नव्हतं.

“माझी कसली गाडी?” ती म्हणाली. “सुवर्णा, कोण गं ती माणसं?”

“मला काय विचारतीस? नाव तुझं घेतलं,” मी म्हणाले, आणि बोलल्यावर जीभ चावली. मी आधीच तोंडाची फटकळ, त्यात ते दिवस असे होते की साधं बोललेलंही टोचायचं.

आता हे काय प्रकरण ते सांगते. या गोष्टीला बरीच वर्षं झाली. तेव्हा आमच्याकडे नगराध्यक्ष नगरसेवकच निवडायचे. सतरा जणांची पालिका. आमच्या जोतिबा आघाडीचे नऊ, वसंतभाऊ नलवड्यांच्या गटाचे आठ. एक माणूस फुटला की खेळ खलास. म्हणून निवडणुकीआधी नगरसेवकांना गाडीत घालून लांब न्यायचं आणि मतदानादिवशीच परत आणायचं. याला म्हणायचं सहल. मी तर कोंडवाडा म्हणते. आमचे नेते रावसाहेब खोत, म्हणजे आबा. त्यांनी आम्हाला आधी आंबोलीच्या एका लॉजवर ठेवलं. दुसऱ्याच दिवशी नलवड्यांची माणसं तिथं शेजारच्या टेबलावर जेवायला हजर! लगोलग सामान बांधलं आणि मालवणच्या बाजूला समुद्राकाठच्या या रिसॉर्टवर आलो. इथला पत्ता आबांनी आम्हालाही पोचेपर्यंत सांगितला नव्हता. आणि आता इथंही जीप.

नगराध्यक्षपद त्या वेळी बाईसाठी राखीव होतं, आणि उमेदवार होती मालन गुरव. शिवणकाम करणारी बाई, नवरा सूतगिरणीत. प्रचारात आबांनी जोतिबाच्या डोंगरावर, कपाळाला गुलाल लावून, शे-दोनशे माणसांसमोर शब्द दिला होता, “मालन निवडून आली तर नगराध्यक्ष तीच.” त्या एका शब्दावर गुरव गल्ली, कुंभार गल्ली, अख्खा माळभाग आघाडीकडे वळला. मालननं त्या दिवसापासून खुर्चीत कसं बसायचं, सही कशी करायची, पहिलं काम कुठलं काढायचं, सगळं मनात ठरवून ठेवलेलं. माळभागाला पाणी एक दिवसाआड येतं ते रोज आणायचं, एवढं एकच स्वप्न. रोज रात्री शेजारच्या खाटेवर पडून मला तेच सांगायची. मी झोपले तरी सांगायची.

तिच्या अर्जासोबत डमी म्हणून आबांच्या सुनेचा, प्राजक्ताचा, अर्ज भरलेला होता; तीही आमच्या नऊ जणांतली. डमी सगळेच भरतात. मुख्य अर्जात काही खोट निघाली तर हाताशी एक असावा, आणि सगळं ठीक असलं तर मतदानाआधी मागे घ्यावा. त्यामुळे तेव्हा कुणाला त्यात वावगं वाटलं नाही.

जीप गेली तशी आबांनी खुर्ची ओढली आणि मधोमध बसले. आवाज अगदी मऊ. आबा चिडले की त्यांचा आवाज मऊ व्हायचा.

“फोन सगळ्यांचे पिशवीत. पिशवी दिनकरकडं. मग नलवड्याला ही जागा सांगितली कुणी?”

त्यांनी एकेकाच्या तोंडाकडे बघितलं.

“बोलणं बंद आहे. म्हणजे गेला तो निरोपच गेला. कुलूप लावून गेला.” मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. “सुवर्णा, यंत्र तुझं. तू सांग.”

यंत्र खरंच माझं होतं.

बाजारपेठेत माझा कॉम्प्युटर क्लास आहे. सांगलीला शिकत असताना मी एक सॉफ्टवेअर केलं होतं, निरोप झाकून पाठवायचं. पद्धत जुन्या राजेरजवाड्यांच्या काळातली, मी फक्त ती फोनात बसवली. ते बटणांचे फोन. त्यावर देवनागरी धड उमटायची नाही, म्हणून आपण मराठी इंग्रजी अक्षरांत लिहायचो. तर निरोप लिहायचा, मग आपल्या मनातला एक शब्द किल्ली म्हणून द्यायचा. किल्लीतलं एकेक अक्षर ठरवतं, की निरोपातलं अक्षर किती घरं पुढे सरकवायचं. झाला निरोपाचा भुगा. पलीकडच्या फोनात हेच सॉफ्टवेअर असेल आणि तीच किल्ली घातली, तरच त्या भुग्याचं परत वाक्य होणार.

हे सॉफ्टवेअर सहलीत कसं आलं, तर आंबोलीच्या प्रकारानंतर आबांनी सगळ्यांचे मोबाइल गोळा केले. म्हणाले, “संध्याकाळी एकदा मिळतील. बोलायचं न्हाई. घरी काय सांगायचं ते मेसेजनं सांगा.”

भूपाल आवटी म्हणून आमच्यातले सगळ्यांत जुने नगरसेवक, ते लगेच म्हणाले, “आणि पिशवी तुमच्याकडं. म्हणजे आमचं घरचं तुम्ही वाचत बसणार.”

“मी कशाला वाचू, काका?”

“वाचत नसला तर वाचता येणार नाही अशी सोय करा की.”

तिथं मी तोंड घातलं. अशी सोय माझ्याकडे आहे म्हणाले. सगळ्यांना पटलं. ज्यानं त्यानं आपली किल्ली ठरवली आणि घरी फोनवर एकदाच सांगितली. कुणाच्या कानावर पडू नये म्हणून समुद्राकडे तोंड करून, हाताचा आडोसा धरून सांगितली. एकेक जण वाळूत लांब उभा राहून कुजबुजतोय, हे दृश्य बघून मला हसू आवरेना. माझ्या क्लासमधल्या मुलीनं गावात घरोघरी, आणि सांगितलं तिथं बाहेरगावीही जाऊन सॉफ्टवेअर बसवून दिलं. आबा म्हणाले, “माझ्याबी फोनात घाल गं. मी काय परका?” त्यांच्याही घातलं.

आबांनी एकच बजावलं, “कुलूप लावा न्हाईतर काय बी करा, निरोप चांगभलंनं सुरू करायचा. देवाचं नाव पहिलं.” ते सांगायचीही गरज नव्हती. आमच्या आघाडीत कुणी चहाला बोलावलं तरी आधी ‘चांगभलं’. मी जैन, आमच्या घरात जय जिनेंद्र. पण आघाडीत आल्यापासून माझ्याही बोटांना तेच वळण लागलेलं.

तर आबांनी मला विचारलं. मी म्हणाले, “आबा, किल्ली ज्याची त्याच्याकडं. कुणी कुणाला काय लिहिलं, मला काय कळणार?”

“बरं.” आबा मालनकडे वळले. “मालन, तुझे निरोप रोज निपाणीला जातात म्हणे. कुणाला?”

“बहिणीला.”

“नवऱ्याला न्हाई?”

“त्यांना पण जातो एखादा.”

“बहिणीचा दीर कुठं असतो कामाला?”

मालनचा चेहरा उतरला. “भाऊंच्या कारखान्यात. पण त्याचा काय संबंध, आबा?”

“मी काही म्हणत न्हाई,” आबा म्हणाले. हे त्यांचं नेहमीचं. मी काही म्हणत नाही म्हणायचं आणि समोरच्याला पुरतं अडकवायचं. “लोकांच्या मनात येतंय, ते धुऊन काढू. तू किल्ली सांग. सगळ्यांसमोर निरोप उघडू. दोन मिनिटांत तुझं नाव स्वच्छ.”

“न्हाई सांगणार.”

“का?”

“माझ्या घरचं आहे त्यात.”

जमीर मुजावर, एरवी सगळ्यांची टिंगल करणारा हसरा माणूस, तोही खाली मान घालून कपातला गाळ बघत बसला. आबा उठले. जाताना मालनच्या डोक्यावर हात ठेवून गेले. त्या हाताचा मला इतका राग आला की सांगता सोय नाही.

ऊन उतरल्यावर मी मालनला वाळूवर घेऊन गेले.

“अगं बाई, सांगून टाक की ती किल्ली. विषय संपव.”

“तू सांगशील? तू नवऱ्याला काय लिवतीस ते जमीरभाई मोठ्यानं वाचतील. चालंल?”

“मी काय लिहिते? इथं सगळ्यात मासळीचा वास, वरणात मीठ जास्त, मामंजींची गोळी चुकवू नका. वाचू देत.”

“तुझ्या पोटात काही न्हाई, म्हणून सोपं आहे तुला.”

“म्हणजे तुझ्या पोटात आहे?”

ती पायानं वाळू उकरत राहिली. खोटं कशाला बोलू, माझ्या मनातही पाल चुकचुकली. रोज बहिणीलाच का लिहिते? नवऱ्यापासून चोरून? फोन हातात आला की ती सगळ्यांपासून लांब जाऊन बसायची, हेही मला तेव्हाच आठवलं.

“मालन, खरं सांग. नलवड्यांकडनं काही निरोप, काही बोलणं…”

तिनं झटकन वर बघितलं. “तू पण?”

“मी विचारते आहे नुसतं.”

“विचारू नकोस मग.” तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “जोतिबाच्या डोंगरावर उभी राहून सांगीन, मी कुणाला फितूर न्हाई. ती खुर्ची मला पायजे, सुवर्णा. मी कशाला माझ्याच पायावर धोंडा पाडून घेऊ?”

हे मात्र मला पटलं. उमेदवार तीच, खुर्ची तिलाच मिळणार, मग ती फुटेल कशाला? एवढी साधी गोष्ट बाकीच्यांच्या डोक्यात का येत नाही? पण संशय एकदा बसला की साध्या गोष्टी कुणाला नको असतात. संध्याकाळी जेवायला बसलो तर मालनच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या. मी जाऊन एका खुर्चीवर बसले. दुसरी रिकामीच राहिली. ती पाण्याला गेली की बोलणं थांबायचं, आली की हवापाण्याचं सुरू व्हायचं. आवटीकाका माझ्या कानाशी म्हणाले, “तू जास्त चिकटू नकोस तिला. तुझंबी नाव येईल.”

दुसरा दिवस सहलीचा शेवटचा. जेवून निघायचं आणि थेट पालिकेच्या सभागृहात उतरायचं, असं ठरलेलं. सकाळी आबांनी मला हाक मारली.

“सुवर्णा, हे बघ गं. फोन भरला म्हणतोय. नवीन मेसेज घेईना. जुनं-पानं काय असंल ते काढून टाक.” फोन माझ्या हातात दिला आणि टॉवेल खांद्यावर टाकून आंघोळीला गेले. बिनघोर. कुलूप लावलंय म्हटल्यावर त्यांना कसली काळजी!

मी एकेक पुसत गेले. सत्काराची आमंत्रणं, वाढदिवस, लग्नपत्रिका. मग पाठवलेल्यांत आले आणि हात थांबला. एक भुग्याचा निरोप होता. आबांनी घरी पाठवला असेल म्हणून पुढं जाणार होते, तेवढ्यात वरचा नंबर दिसला. शेवटी सगळे सहा. तो नंबर आमच्या गावात शाळेतल्या पोरांनाही पाठ होता. प्रत्येक फलकावर, प्रत्येक जीपच्या मागच्या काचेवर तोच. वसंतभाऊ नलवडे.

निरोप जीप आली त्याच्या आदल्या दिवशीचा.

आबा नलवड्यांना लिहितात, तेही माझ्याच सॉफ्टवेअरमधून? म्हणजे ते नलवड्यांच्याही फोनात कुणीतरी नेऊन बसवलं. बाहेर दिनकर बिडी ओढत बसला होता. मी फोन घेऊन मागच्या बाजूला, कपडे धुवायच्या दगडावर जाऊन बसले.

किल्ली मला माहीत नव्हती. पण या असल्या जुन्या कुलपांचं एक असतं. आतला एक शब्द जरी आपल्याला आधीच ठाऊक असला, तरी काम होतं. खरं अक्षर हे, झाकलेलं अक्षर ते, मग मधली घरं मोजायची. किती घरं सरकवलं ते कळलं की किल्लीचं अक्षर हातात येतं. आणि आबांचा निरोप कसा सुरू होणार, हे मला कुणी सांगायला हवं होतं का? शत्रूला लिहायचं असो नाहीतर सोयऱ्याला, चांगभलं म्हटल्याशिवाय ज्या माणसाच्या बोटातून अक्षर उमटत नाही तो माणूस!

बोटांवर मोजत गेले. एकेक अक्षर पुढं येत गेलं. मला वाटलं होतं एखादा देव निघेल, नाहीतर गाव. निघाली सूनबाई. प्राजक्ता.

ती किल्ली घातली आणि बाकीचं वाचलं. अंगाचा नुसता तिळपापड झाला. आबांनी फोन मागितला तेव्हा ‘अजून पुसतेय’ म्हणाले आणि जेवणापर्यंत माझ्याकडेच ठेवला.

जेवायला सगळे लांब टेबलाशी बसलो. आबांनी पहिला घास घ्यायच्या आधी खिशातून एक कागद काढला आणि मालनच्या ताटाशेजारी ठेवला. माघारीचा अर्ज. सगळं लिहून तयार, सहीची जागा तेवढी मोकळी.

“मालन, तुझ्यावर माझा विश्वास आहे,” आबा मऊ आवाजात म्हणाले. “पण या आठ जणांचा बसंना. एखाद्यानं ऐन वेळेला हात वर केला न्हाई तर तू बी पडशील आणि आघाडी बी. त्यापेक्षा तू मोठ्या मनानं माघार घे. प्राजक्ताचा अर्ज आहेच. वर्षभरानं बघू तुझं.”

मालननं टेबलाभोवती एकेकाकडे बघितलं. कुणी नजर देईना. तिचा हात पेनाकडे गेला.

“थांब!” मी उठलेच. खुर्ची मागं पडली. “सही करायची न्हाई. आबा, हा तुमचा फोन. आवटीकाका, धरा. मी हात लावत नाही. पाठवलेल्यांत एकच कुलपाचा निरोप आहे नलवड्यांच्या नंबरला. उघडा तो. किल्ली घाला, प्राजक्ता.”

प्राजक्ताच्या हातातली वाटी तशीच राहिली. तिला हे ठाऊक होतं की नव्हतं, देव जाणे. ती कधी फार बोलायचीच नाही.

“काय चाललंय हे? फोन दे इकडं,” आबा म्हणाले. पण फोन आवटीकाकांच्या हातात गेला होता. म्हातारा आबांच्या आधीपासून राजकारणात. त्यांनी चष्मा चढवला, जमीरला जवळ बोलावलं, आणि एकेक बटण दाबत किल्ली घातली. मग शाळेतल्या पोरासारखं अक्षर लावत मोठ्यानं वाचलं,

“चांगभलं. उद्या चहाच्या वेळेला गाडी मालवणजवळच्या सुरूच्या बनातल्या रिसॉर्टच्या फाटकावर पाठवा. मालनच्या नावानं हाक मारायला लावा. ती माघार घेईल. उपनगराध्यक्ष तुमचा.”

टेबलावर वरणाच्या वाटीत माशी पडलेली दिसत होती, ती काढायचंही कुणाला सुचेना.

“यंत्र हिचं आहे,” आबा म्हणाले. “ही म्हणंल ते दाखवंल ते.”

“मग तुमच्या घरचे निरोप इतके दिवस बरोबर कसे उघडले?” मी म्हणाले. “आणि किल्लीला सूनबाईंचं नाव मी ठेवलं काय? आबा, गुलाल लावून शब्द दिला होता तुम्ही! देवाच्या दारात!”

आबा पहिल्यांदाच खाली बघत होते. जमीर “या अल्ला” म्हणाला. मालन माझ्याकडे अशी बघत होती, जणू मी तिला विहिरीतून वर काढलंय. तो क्षण मला अजून जसाच्या तसा आठवतो. एवढी जिंकल्यासारखी मी नंतर कधी उभी राहिले नाही.

तेवढ्यात आवटीकाकांनी चष्मा काढला. “सुवर्णाताई, एक सांगा. आबांनी तर किल्ली तुम्हाला सांगितली नसणार. मग तुम्हाला कळली कशी?”

मी फुशारून सांगितलं. मास्तरीण ना मी, समजावून सांगायची खोड. “सोपं आहे, काका. आबांचा निरोप चांगभलंनं सुरू होणार हे ठरलेलं. तेवढं एक माहीत असलं की घरं मोजून किल्ली काढता येते. फार वेळही लागत नाही.”

“अस्सं,” काका म्हणाले.

जमीर हळूच म्हणाला, “ताई, आमचे पण निरोप चांगभलंनंच सुरू होतात की.”

मी हसले. मग बघितलं तर कुणीच हसत नव्हतं. एकेकाचा चेहरा बदलत गेला. प्रत्येक जण आपण काय काय लिहिलं ते मनात आठवत असणार. कुणी आबांना शिव्या घातल्या असतील, कुणी नलवड्यांशी सूत जमवत असेल, कुणी बायकोला काही, कुणी बायको नसलेल्या कुणाला काही. मला काय ठाऊक! मी कुणाचं काही वाचलंच नव्हतं. पण आत्तापर्यंत आबांकडे वळलेले डोळे आता माझ्यावर आले होते.

“म्हणजे इतके दिवस…” कुणीतरी म्हणालं.

“नाही हो! शप्पथ! आज पहिल्यांदाच, तेही आबांचा नंबर दिसला म्हणून!”

“नंबर दिसला म्हणून,” आबा म्हणाले. त्यांचा आवाज पुन्हा मऊ झाला होता. त्या माणसाला आपली पडती बाजू सावरायला एक घास खायला लागतो तेवढाच वेळ पुरायचा. “पिशवीतले फोन नीट करायला कोण बसायचं? सुवर्णाच. मी काही म्हणत न्हाई. माझं तर तिनं वाचलंच. माझी चूक झाली, मी घरच्या मोहात पडलो, कबूल. पण आता सगळं उघडं व्हायचंय तर सगळ्यांचंच होऊ दे की.” त्यांनी दिनकरच्या हातातली पिशवी घेतली, चाचपून एक फोन काढला आणि टेबलावरून माझ्याकडे सरकवला. मालनचा फोन. “उघड. निपाणीचे निरोप. हिच्यासाठी एवढी भांडतीस, तर हिचं नाव साफ कर. सगळ्यांसमोर.”

“मी नाही उघडणार.”

“का? उघडता येत न्हाई, का आधीच वाचलंय?”

“उघड, सुवर्णाताई,” आवटीकाका म्हणाले. त्यांचा स्वर वेगळाच होता. मालनचं काय आहे ते त्यांना नको होतं. पुढं सरकवलेला फोन आपला नाही, याचंच त्यांना बरं वाटत होतं.

“मालन, तू सांग,” मी म्हणाले. “तू म्हणालीस तर…”

मालन उठली. तिनं माझ्यासमोरचा फोन उचलला, मागचं झाकण काढलं, बॅटरी बाहेर काढली आणि ती कमरेला खोचली. मग खाली बसून तो अर्ज पुढं ओढला आणि सही केली. सही अगदी सुबक होती, सराव केलेली.

“मालन! अगं वेडी का काय तू? चोर ते आहेत!”

“माहीत आहे,” ती म्हणाली. “सगळ्यांनी ऐकलं की.” आणि भाकरीचा तुकडा मोडून जेवायला लागली. हळूहळू बाकीचेही जेवायला लागले. आबांनी माझी पडलेली खुर्ची स्वतः उचलून सरळ केली. प्राजक्तानं मला वरण वाढलं.

परतीच्या गाडीत मालन माझ्याशेजारी बसली नाही. पालिकेत उतरलो तेव्हा बाहेर दोन्हीकडचे लोक, ताशेवाले, गुलालाची पोती. माळभागातल्या बायका मालनच्या नावाचा जयजयकार करत होत्या, त्यांना अजून काही माहीत नव्हतं. मालन त्यांना हात जोडत जिना चढली. अर्ज अधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवून आली, तेव्हा सभागृहाच्या दाराशी मी तिला गाठलं. मला रडू येत होतं आणि चीडही येत होती.

“काय होतं गं त्यात एवढं? असं काय लिहिलं होतंस, की ती खुर्ची सोडलीस? निदान मला तरी सांग.”

तिनं आजूबाजूला बघितलं. मग मला जरा भिंतीकडे ओढलं. “हात वर कर प्राजक्ताच्या वेळेला. तू एकटी बसून राहिलीस तर सगळे म्हणतील, हिला काहीतरी माहीत आहे.”

“मला काहीच माहीत नाही!”

“बरं.”

“मालन, मी तुझा एक शब्द वाचलेला नाही. माझ्या लेकीची शपथ घेऊन सांगते. मी तुझ्यासाठी भांडले, आणि तूच असं बघतीस माझ्याकडं?”

तिनं माझ्या दंडाला धरलं. घट्ट. बोटं गार पडली होती.

“असंच म्हणत जा,” ती म्हणाली. “कुणी किती बी विचारलं तरी असंच म्हणत जा. तुझे लई उपकार होतील.”

मग तिनं पदर सारखा केला, आत गेली आणि प्राजक्ताच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसली.